संस्कार उद्यानातला नरक

२ डिसेंबर २०२४, डहाणू

मोठ्या कामाची हकिगत पुढे लोक शोधत बसतात. ती त्यांना सहज सापडावी म्हणून आजपासून दैनंदिनी लिहायला घेतली आहे.

‘मध्ययुगीन मराठी काव्यातील नरक आणि दंडवर्णने’ हा माझा पीएच.डी.चा विषय. तो सांगितला की समोरचा एकतर हसतो किंवा पावसापाण्याचं विचारतो. आज पहिल्यांदा एका माणसाने तो ऐकून खुर्ची पुढे ओढली. प्रविणशेठ. ज्या ट्रस्टचं आमचं कॉलेज आहे त्याचे अध्यक्ष. चिकूच्या वाड्या आहेत, दगडखाण आहे, आणि आता तलासरीच्या पुढे हायवेला लागून ‘संस्कार उद्यान’ उभं राहतंय. देऊळ झालं, कारंजं झालं, पार्किंग झालं. एक लांबच लांब भिंत तेवढी रिकामी उरली आहे.

“सर, स्वर्ग सगळेच दाखवतात,” शेठ म्हणाले. “पब्लिक बघते आणि वडापाव खायला जाते. आपल्याला नरक पायजे. एकदम कडक. माणूस आत गेला की सुधरूनच बाहेर आला पायजे.”

कोणत्या पापांना प्राधान्य द्यायचं, असं मी विचारलं.

“दारू. ताडी तर पयली. मग मटण. मग चोरी, त्यात झाडावरचे चिकू पण आले. आणि कामावर येतो म्हणून सांगून न येणारे. त्यांच्यासाठी काय आहे का तुमच्या कवींकडे?”

शोधावं लागेल, असं मी म्हणालो. निघताना शेठ म्हणाले, “जूनमध्ये मराठीची जागा भरतो आहोत. तुमचं नाव डोक्यात आहे.” मी आजवर तासिका तत्त्वावर शिकवत आलोय, म्हणजे तास झाला की मी संपलो. त्यामुळे हे वाक्य मी दोनदा ऐकल्यासारखं ऐकलं.

घरी सांगितल्यावर हर्षदा म्हणाली, “म्हणजे पर्मनंट व्हायला नरकातून जायचं.” बायको बँकेत आहे. तिला या विषयाचं गांभीर्य कळत नाही.

९ डिसेंबर

चित्रकार ठरली. योगिता. उद्यानाच्या मागच्याच पाड्यावरची आहे, मुंबईला चित्रकलेची पदविका केली, आता रिसॉर्टच्या भिंती रंगवते. मला वाटलं होतं, गेरूवर पांढऱ्या रेषांची वारली माणसं काढेल. तिने तोंडावरच नाही म्हटलं.

“सर, झाईपासून बोर्डीपर्यंत प्रत्येक रिसॉर्टवर मी तारप्याचा नाच काढलाय. माझा हात आता त्या गोलात गोल गोल फिरतो. इथे मला तोंडं काढायची आहेत. नाकीडोळी असलेली. काडीची माणसं तेलात तळली तर कुणाला घाम फुटणार?”

मुद्दा कलेच्या दृष्टीने बरोबर होता. मी तिला माझ्या टिपणांच्या प्रती दिल्या: कुंभीपाकात उकळणारे, तापलेल्या लोखंडी खांबाला मिठी मारणारे, तलवारीच्या पानांच्या वनातून धावणारे, पू-रक्ताच्या वैतरणीत गटांगळ्या खाणारे. तिने उभ्याउभ्या वाचलं आणि विचारलं, “हे लिहिणारे देवाची गाणी पण लिहायचे?”

हो म्हटलं.

“मग इथे जास्त मन लागलेलं दिसतंय.”

हे निरीक्षण माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात आहे. तिथे ते अधिक काटेकोर भाषेत आहे.

१९ डिसेंबर

तलासरीला फेरी. उद्यानाच्या आत, कारंज्यामागे पाड्याची एक जुनी विहीर आहे. ती शेठनी सुशोभीकरणात घेतली आहे. काठाला टाइल्स, भोवती जाळी, जाळीला कुलूप, आत कमळांची रोपं. फार प्रसन्न जागा. कारंजंही तिच्यावरच चालतं.

येताना मात्र त्रास झाला. पाड्यावरच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन हायवे ओलांडत होत्या, पलीकडच्या कुणाच्या तरी बोअरवरून. एक म्हातारी अगदी स्कूटरच्या आडवी आली. मी ब्रेक दाबला. ती म्हणाली, “सर, तुमची गाडी लहान हाय, टरकवाले बी थांबतात.” तिला मी सर आहे हे कसं कळलं, कोण जाणे. नंतर योगिता म्हणाली, ती जिवली, माझी आत्या. या लोकांना रस्ता ओलांडायची इतकी हौस का, हा प्रश्न प्रशासनाने विचारात घ्यायला हवा.

२८ डिसेंबर

आज योगिताने फोन करून विचारलं, “सर, तुमच्या कागदात पाणी अडवणाऱ्याची शिक्षा आहे. ती खरंच आहे, की तुम्ही जोडलीय?”

जोडलीय? मी? ती ओवी म्हणजे माझ्या संशोधनाचं शिखर आहे. एका अनाम कवीच्या आख्यानात ती आहे, आणि तिच्याकडे माझ्याआधी कुणाचंही लक्ष गेलेलं नाही. मी फोनवरच म्हणून दाखवली:

जो उदकाची वाट रोधी । तो तृषें तळमळे नदीमधीं ।
ओंजळ उचली जंव आधीं । तंव जळाचे होती अंगार ॥

“अर्थ सांगते, बरोबर का बघा,” ती म्हणाली. “जो लोकांचं पाणी बंद करतो तो नदीत उभा असतो, तहानलेला. ओंजळ भरली की पाण्याचे निखारे होतात.”

“बरोबर.”

“शंभर टक्के? मग नंतर बदलायचं नाही, सर.”

“अजिबात नाही. उलट ही चौकट सगळ्यात मोठी काढ. दाराच्या समोर.”

तिने ओवी पुन्हा एकदा म्हणायला लावून लिहून घेतली. मग “थँक्यू, सर” म्हणाली. विद्यार्थ्यांमध्ये अशी जिज्ञासा दिसत नाही.

१० जानेवारी २०२५

ताडीवरून वाद. कढईत किती माणसं घालायची, असा प्रश्न होता. योगिताचं म्हणणं, “आमच्याकडे सकाळची ताडी आजी पिते, आजोबा पितात, पाहुणा आला तर त्याला आधी देतात. सगळा पाडा उकळायचा का?”

मी समजावलं की कवीचा रोख व्यसनावर आहे, कुणा समाजावर नाही.

“कवी ताडावर चढला होता कधी?”

“त्याची गरज नाही. कवी नरकातही गेला नव्हता.”

या उत्तराने ती गप्प झाली असं मला वाटलं, पण ती हसत होती. शेवटी कढईत चार माणसं ठरली. त्यातल्या एकाच्या हातात तिने ताडीच्या मडक्याऐवजी परदेशी बाटली दिली आहे. विचारल्यावर म्हणाली, रंगसंगतीसाठी.

माझी एक शंका इथे लिहून ठेवतो, बाहेर बोलणार नाही. मी या कवींवर इतकी वर्षं घालवली. स्वर्ग ते दोन ओव्यांत उरकतात आणि नरकात पानंच्या पानं रमतात. लोकांना भाजताना त्यांना आनंद होत असेल का? आणि मला वाचताना होतो, तो कशाचा?

पण ही प्रबंधाबाहेरची गोष्ट झाली.

२६ जानेवारी

कॉलेजात झेंडावंदन करून थेट तलासरी. तोंडं भरायला सुरुवात झाली आहे. काम अप्रतिम. नदीतला तहानलेला पापी तर जिवंत वाटतो. फक्त पोट जरा आधुनिक आहे, आणि मनगटात सोन्याचं जाड कडं. मी म्हटलं, कवीच्या काळात असं कडं घालत का, हे तपासावं लागेल. योगिता म्हणाली, “श्रीमंत माणूस दाखवायचाय ना, सर. गरीब माणूस कुणाचं पाणी अडवणार?” तर्क बिनतोड होता.

कोपऱ्यात आणखी एक छोटी चौकट तिने स्वतःच्या कल्पनेने घातली आहे. एक विद्वान दिसतो, मांडीवर पोथी, आणि यमदूत त्याची जीभ बाहेर ओढून तिच्यावर नांगर फिरवतायत. हे कोण, असं विचारलं. “पोट भरायला पुराण सांगणारा. तुमच्याच कागदात आहे.” आहे खरं. त्याच्या चष्म्याची फ्रेम माझ्यासारखी झाली आहे. कलावंताला समोर दिसेल त्याचा आधार घ्यावा लागतो.

फोटो काढून हर्षदाला दाखवला. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. नरकाचं चित्र पाहून हसणाऱ्या माणसाला काय म्हणावं?

१३ फेब्रुवारी

शेठ पाहणीला आले. गाडीतून उतरले नाहीत, फोनवर होते, काच खाली करून लांबूनच भिंत पाहिली. “लाल कमी पडतो,” म्हणाले. “आणि कढईत धूर पायजे. मशीन मागवा. ओरडण्याचा आवाज पण पायजे, स्पीकरवर.”

ओरडण्याची जबाबदारी माझ्यावर. कॉलेजच्या सभागृहात विद्यार्थ्यांच्या किंकाळ्या ध्वनिमुद्रित केल्या. प्रथम वर्ष कला शाखेच्या मुलींनी फारच मनापासून ओरडून दाखवलं. वाणिज्यची मुलं लाजत होती. प्राचार्य वरून पळत खाली आले, त्यांना वाटलं वर्गात साप निघाला. मी त्यांना रौरव नरकातल्या आक्रोशाविषयी थोडक्यात सांगितलं. ते म्हणाले, “मनिष, जूनपर्यंत जरा सांभाळ.” काय सांभाळायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

आजचा दिवस नीट लिहायला हवा. डोकं अजून तापलेलं आहे.

उद्घाटन सकाळी होतं. मंडप, खुर्च्या, उपवासाची खिचडी. डहाणू, कासा, उंबरगावपासून माणसं आली होती. स्थानिक वार्ताहर मोबाइल उंच धरून फिरत होते. प्रमुख पाहुणे विनोदबुवा, ठाण्याचे प्रवचनकार, ज्यांचं यूट्यूबवर फार चालतं. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, म्हणजे दुसऱ्या.

शेठनी फीत कापली. धूर सुटला, किंकाळ्या सुरू झाल्या. आधी पाहुणे आत गेले, मग पाड्यावरची माणसं. कढईसमोर सगळे थोडा वेळ थांबले आणि पुढे सरकले. नदीच्या चौकटीसमोर मात्र बायकांचा घोळका हलेना. आधी कुजबुज, मग एकीने पदर तोंडाला लावला, मग सगळ्याच हसायला लागल्या. भीती वाटण्याच्या जागी लोक का हसतात, हे मला कळेना.

जिवली पुढे होती. तिने मागे वळून शेठना विचारलं, अगदी घरच्यासारखं, “शेठ, ह्यो पान्यातला मानूस कोन हाय?”

शेठनी पहिल्यांदाच भिंतीकडे नीट पाहिलं. त्यांचा हात आपोआप मनगटाकडे गेला, कड्यावर. मग ते माझ्याकडे वळले.

“सर, हे काय आहे?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात विनोदबुवांनी माइक घेतला. म्हणाले, “बंधूभगिनींनो, हे चित्रकाराचं स्वातंत्र्य आहे. पाणी अडवल्याची शिक्षा आपल्या जुन्या काव्यात कुठेही नाही. कुठेही. पाणी म्हणजे ज्ञान, असं रूपक असू शकतं. विहीर-बिहीर काही नाही.”

शेठनी मान हलवली. योगिताकडे बघून कुणालातरी हलक्या आवाजात म्हणाले, “उद्या पांढरा मारून टाका त्याच्यावर.” योगिताने फक्त माझ्याकडे पाहिलं.

कुठेही नाही?

मला पुढचं फारसं आठवत नाही. बुवांच्या हातून माइक मी घेतला की त्यांनी दिला, हेही सांगता येत नाही. मी म्हणालो, हे विधान अज्ञानमूलक आहे. मी ती ओवी म्हणून दाखवली. अन्वय सांगितला. ‘उदकाची वाट’ म्हणजे पाणवठ्याकडे जाणारा रस्ता, यात रूपक वगैरे काही नाही, कारण पुढच्याच ओवीत कवी दोराचा, पोहऱ्याचा आणि विहिरीच्या काठाचा उल्लेख करतो. ज्याने लोकांची विहीर आपल्या बागेत घेतली त्यालाच ही शिक्षा आहे, असं कवीने स्पष्ट म्हटलं आहे. ‘बागेत’ या शब्दावर मी विशेष जोर दिला, कारण तो पाठ पोथीच्या नकलकाराने चुकीचा उतरवला होता.

मी थांबलो तेव्हा किंकाळ्यासुद्धा बंद झाल्या होत्या. कुणीतरी प्लग काढला असावा.

जिवलीने विचारलं, “मंग सर, विहीर उघडली तं ह्यो बाहेर येल काय?”

प्रश्न अभ्यासपूर्ण होता. मी म्हणालो, येईल. प्रायश्चित्त पुढेच सांगितलं आहे. ज्या हाताने वाट बंद केली त्याच हाताने मोकळी करायची, लोकांसमोर. लगेच सुटका.

सगळी माणसं शेठकडे बघत होती. सगळे मोबाइलही. शेठ घामाने डबडबले होते, पण हसले. माझ्याकडून माइक घेऊन म्हणाले, “हेच तर सांगायचं होतं. आज महाशिवरात्र. आजच्या शुभदिवशी ट्रस्टच्या वतीने विहीर पाड्याला अर्पण. हा सरप्राइज कार्यक्रम होता.” लाहू म्हणून वॉचमन आहे, त्याला हाक मारली. लाहू चावी घेऊन इतक्या पटकन आला की जणू खिशात धरूनच उभा होता. शेठनी स्वतः कुलूप उघडलं. बायका आत शिरल्या. कमळं तुडवली गेली. तेवढं वाईट वाटलं.

बुवा पानातली खिचडी टाकून गेले. एकूण वाद मी जिंकला.

२७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन

आज कॉलेजात माझं व्याख्यान होतं. सकाळी प्राचार्यांचा फोन आला, येऊ नका. प्रकृती सांभाळा म्हणाले. मी म्हटलं, प्रकृती उत्तम आहे. ते म्हणाले, “आता जूनपर्यंत विश्रांतीच घ्या. आणि जूननंतरही.”

मला समजत नाही. ओवीचा पाठ मी बरोबर सांगितला. शेठसाठी लोकांनी टाळ्या वाजवल्या. नुकसान कुणाचं झालं?

हर्षदाने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अहो, ती विहीर पाड्याची होती आणि शेठनी कुलूप लावलं होतं, हे तुम्हाला माहीत होतं ना?”

“होतं. मीच पाहिली होती.”

“आणि चित्रातला माणूस?”

मी फोटो पुन्हा काढला. बराच वेळ पाहिला. पोट, कडं, कमरेवर हात ठेवायची ती पद्धत. मग कोपऱ्यातला चष्मेवालाही पाहिला.

हर्षदा म्हणाली, “नोकरीचं बघू. माझा पगार आहे.” आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिने तसं बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

४ मार्च

चार दिवस कुठेही गेलो नव्हतो. आज डहाणूच्या बाजारात सुनिल फळवाल्याने चिकूचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, “सर, तुमचा व्हिडिओ बघितला. छातीत दम पायजे.” मी त्याला सांगणार होतो की दमाचा प्रश्न नव्हता, प्रश्न पाठाचा होता. पण चिकू घेतले आणि घरी आलो. ते आता टेबलावर आहेत आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही.

१६ मार्च

रविवार. भिंतीचे शेवटचे फोटो प्रबंधासाठी हवे होते म्हणून सकाळी तलासरीला गेलो. उशीर झाला होता. नदी, कढई, तलवारींचं वन, माझी जीभ, सगळ्यावर पांढरा हात फिरलेला. योगिता शिडीवर बसून निळा रंग कालवत होती.

“शेठनी स्वर्ग सांगितलाय,” ती म्हणाली. “मी दर वाढवून सांगितला, त्यांनी लगेच हो म्हटलं. स्वर्गात काय काय असतं, सर?”

मी जरा रागातच होतो. म्हटलं, “तू मला वापरलंस.”

“हो,” ती म्हणाली. शिडीवरून खाली उतरली आणि समोर उभी राहिली. “पण तुम्हाला विचारून. बदलायचं नाही असं तुम्हीच म्हणालात. नोकरीचं कळलं, त्याचं वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. तुम्ही एवढं बोलाल असं वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, तुम्ही माझ्यावर ढकलाल.”

मी त्या वेळी तिच्यावर ढकलायचा विचार केला होता का? आठवून पाहिलं. बुवा मध्ये बोलले नसते तर काय झालं असतं, ते मला सांगता येईना. तिलाही सांगितलं नाही.

जाळीचं दार उघडंच होतं. सोहळ्याचा व्हिडिओ गावोगाव फिरल्यावर पुन्हा कुलूप कोण लावणार? कारंजं कोरडं. विहिरीवर बायकांची गर्दी होती. जिवलीने मला काठावर बसवलं, तांब्या भरून दिला. पाण्याला थोडी मातीची चव होती. मी सगळा प्यायलो.

“सर, येक विचारू काय?” ती म्हणाली. “त्या दिसी भितीवर येक बाई बगितली, दुसऱ्या कढईत घातलेली. तिनं काय केलतं?”

मी सांगितलं की ती नवऱ्याच्या आधी जेवायला बसली. हे पाप जवळजवळ सर्व कवींनी दिलं आहे.

जिवलीने विचार केला. बाकीच्या बायकांनीही दोर हातात तसाच धरून ठेवला.

“आन त्या लिवनाऱ्यांला रांधून कोन घालीत होता?”

बायका हसल्या नाहीत. खरंच उत्तर ऐकायला थांबल्या होत्या. मी म्हणालो, बघून सांगतो. जिवलीने मान डोलावली आणि पोहरा आत सोडला.

स्कूटरवर सगळ्या रस्ताभर मी एकेक काव्य आठवत होतो. कुणाचं घराणं सापडत होतं, कुणाचे गुरू, कुणाची समाधी. जेवण कुठेच सापडेना. घरी पोहोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. तसाच कपाट उघडून पुस्तकं जमिनीवर काढली आणि बसलो. या विषयात मी इतकी वर्षं आहे, आणि हे बघायचं कुठे, तेच मला माहीत नाही.

आतून हर्षदा म्हणाली, “काय शोधायचं ते नंतर शोधा. ताट झाकून ठेवलंय, आधी जेवा.”

ती स्वतः केव्हाच जेवली होती.